इंदुताईचं हेल्दी डोस्कं

दादाजीच्या डोक्याला मार लागला आहे, हे गावाला सांगून सांगून इंदुताईच्या जिभेला फोड यायचे तेवढे राहिले होते. पण एका माणसाला खरं वाटलं असेल तर शपथ.

भावकीला खरं वाटलं नाही, शेजाऱ्यांना वाटलं नाही, बचत गटातल्या बायांनी तर ऐकून घेतलं आणि पुन्हा आपल्या पापडांचं बोलणं सुरू केलं. ज्याला सांगावं तो मान हलवून एकच म्हणे, "अवं इंदुताई, दादाजी पहिलेपासूनच तसा!"

ह्याला काय उत्तर देणार? माणूस पहिल्यापासून हुशार असता तर बिघाड लोकांच्या डोळ्यांत भरला असता. दादाजी म्हणजे स्वतःच्या लग्नात मुंडावळ्या, अंगठी आणि सख्खा मामा, तिन्ही घरी विसरून आलेला नवरदेव. (मामाला आणायला मागून बैलबंडी पाठवली. मुहूर्त गेला. मामा मात्र जेवायला बरोबर वेळेवर पोचले.) पण विसराळू वेगळा आणि बिघडलेला वेगळा, हे सत्तावीस वर्षं त्याच्यासोबत संसार केलेल्या बाईला कळणार नाही तर कोणाला कळणार?

दादाजी गावचा पाणीवाला. बारा वर्षांपासून त्याचं एकच काम. सकाळी मोटर लावायची, टाकी भरायची, आधी वरच्या मोहल्ल्याचा कॉक खोलायचा, मग खालच्या. बायको काय म्हणाली ते तो बारा वर्षांत बारा हजार वेळा विसरला असेल, पण कॉक विसरला नव्हता. पोळा झाला आणि काय झालं कोणास ठाऊक, वरच्या मोहल्ल्याला दिवसातून दोनदा पाणी आणि खालचा मोहल्ला कोरडा. एकदा टाकी अशी भरून वाहिली, की शाळेच्या पटांगणात कोणाची तरी बदकं येऊन पोहून गेली. लाऊडस्पीकर लागला की दादाजी दोन्ही हातांनी डोकं धरून बसे. उभा राहिला की भोवळ. आणि शब्द तर इकडचे तिकडे. एकदा म्हणाला, "अवं, दाराले जावई लाव, कुलूप आत येऊन राह्यलं." (जावई तेव्हा ओसरीतच चहा पीत बसले होते. त्यानंतर ते आलेले नाहीत.)

"शिडीवरून पडलो," एवढंच दादाजीने सांगितलं होतं. तेवढ्यावर इंदुताईने पदर खोचला आणि ग्रामपंचायत गाठली.

टाकीची शिडी पंचायतीची. शिडीची तिसरी पायरी सडकी. म्हणजे दादाजीचं डोकं फोडलं पंचायतीने. हिशेब साफ होता. इंदुताई अकरा वेळा पंचायतीत गेली. अकराव्या वेळी तिला लांबून येताना पाहूनच पंचायतीने नवीन शिडी मागवली. पण रजिस्टरमध्ये 'चूक आमची' असं लिहायला उपसरपंच सुनिल काही केल्या तयार होईना.

"काकू, शिडी कुठी सडली होती? दादाजीभाऊच मोहाची लावून चढले असतीन."

"सुनिलभाऊ, माझ्या नवऱ्यानं मोहाची जिभेले लावली असंन तं ह्याच चावडीत मले जोड्यानं मार. त्याच्या डोस्क्याले मार लागला, म्हून असं होऊन राह्यलं."

"कागद आहे का डॉक्टरचा?"

 कागद नव्हता. तालुक्याच्या डॉक्टरने डोक्याचा फोटो काढला होता. फोटोत हाड कुठे तुटलेलं दिसलं नाही. "आराम करा," म्हणाले आणि गोळ्या दिल्या. आता आराम करा असं तर डॉक्टर सगळ्यांनाच म्हणतात.

"कागद नाई तं काई नाई," सुनिल म्हणाला. "सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय ठेवला आहे. पाणीवाला बदलाचा. पोचू आहे तयार."

पोचू म्हणजे सुनिलचा साळा. त्याने पाण्याशी संबंध आजवर फक्त पिण्यापुरता ठेवला होता, आणि आंघोळीपुरताही ठेवला होता असं खात्रीने सांगता येत नाही.

इंदुताईने चावडीच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सव्वीस तारखेले कागद आणीन. ह्याच ग्रामसभेत उभी राहून वाचीन. आणि डोस्कं कोणामुळे फुटलं त्याचं नाव रजिस्टरमंधी लिहूनच घरी जाईन. चौथी पास आहो मी, उगी नाई!"

घरी येऊन पाहते तर दादाजी चुलीपुढे भाताची गंजी घेऊन बसलेला. तिच्याकडे न पाहताच म्हणाला, "काढू दे ना वं त्याइले. मी बकऱ्या चारीन." पण बोलताना त्याचा हात कमरेच्या करदोड्याला लावलेल्या पंपघराच्या किल्लीवर होता. बारा वर्षं ती किल्ली त्याने झोपतानाही सोडली नव्हती. इंदुताईने ते पाहिलं आणि तिच्या मनातलं उरलंसुरलं भय गेलं. आता सुनिल असो की सुनिलचा बाप, कागद आणायचाच.

दोनच दिवसांनी आरोग्य खात्याची आशाताई दिव्यानी मोबाईल हातात धरून मोहल्ल्यात आली. नागपूरहून डॉक्टरांची चमू आरमोरीच्या सभागृहात आली होती. दिव्यानीने मेसेज वाचून दाखवला, "मेंदूला मार लागलेल्या रुग्णांचा अभ्यास करण्यासाठी हेल्दी वॉलंटियर्स पाह्यजेत. त्यांच्या मेंदूचं रेकॉर्डिंग करण्यात येईल."

आता आमच्याकडे हेल्दी कोणाला म्हणतात ते सांगायला नको. खुर्चीतून उठला की खुर्ची सोबत उठते, तो हेल्दी. दिव्यानीने गावावरून नजर फिरवली आणि दोन माणसं निवडली: किराणा दुकानवाली रंजीता आणि पिठाच्या गिरणीवाला. गावात ह्यांच्याहून हेल्दी फक्त म्हशी होत्या.

इंदुताई आडवी झाली. "मले काऊन नाई नेत?"

"काकू, हेल्दी पाह्यजे वं. तुम्ही पाहा ना सोताले. वारा आला तं तुम्हाले खांब धरा लागते."

"त्याइले डोस्कं पाह्यजे का पोट पाह्यजे?"

"डोस्कं."

"मंग माझ्या डोस्क्यात काय कमी आहे? अकरा वेळा पंचायतीत जाऊन आली, एक वेळ तरी बोलता बोलता अडली का?"

दिव्यानीने तिसरं नाव लिहून घेतलं. इंदुताईचं डोकं मात्र तोवर पुढे पळालं होतं. मार लागलेल्यांचा अभ्यास, आणि त्यासाठी चांगली डोकी! "समजलं मले," ती म्हणाली. "पायलीच नसंन तं धान कशानं मोजाचं? पहिले चांगलं डोस्कं कसं चालते ते पाहाचं, मंग फुटलेलं त्याच्याबाजूले ठेवाचं. किती उणं आहे ते आपोआप कळते. माझं डोस्कं पायली. ह्याईचं डोस्कं धान. दोन्ही घेऊन जातो आपण."

रंजीताने मात्र दुकानातूनच घाबरवलं. "इंदुताई, रेकॉर्डिंग म्हणते ते! डोस्क्यातलं सगळं टीव्हीवर दिसते म्हणे. मनात लपवलं असंन तं तेही निंगते."

हे ऐकलं आणि दादाजीच्या हातातला चहा सांडला. "मी नाई येत," तो म्हणाला.

"काऊन? तुमच्या डोस्क्यात लपवासारखं आहेच काय?"

 दादाजीचा चेहरा उकडलेल्या धानासारखा झाला. इंदुताईला वाटलं, सुईला घाबरला.

मेसेजमध्ये आणखी एक ओळ होती: केस धुऊन यावे, तेल लावू नये. केस इंदुताईने धुतले. पण चार गावची माणसं जिथे येणार, तिथे कोरडे भुरभुरते केस घेऊन जायचं? लोक म्हणतील, घरात तेलाचा थेंब नाही. तिने वरून थोडंसं, अगदी नावाला, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल लावलं. (नावाला म्हणजे अर्धी वाटी.)

काळीपिवळी जीपमध्ये दादाजीला तिने दंड धरून पुढे बसवलं. मागच्या सीटवर रंजीता आणि गिरणीवाला बसले आणि मधल्या फटीत इंदुताई. आरमोरीला उतरली तेव्हा आधी वाळकी होती, आता चपटीही झाली होती.

सभागृहात डॉक्टर मोनाली मॅडम बसल्या होत्या. वय तिशीचं, आवाज मऊ, डोळे मात्र सगळं टिपणारे. त्यांनी रंजीताला विचारलं, "काही आजार?"

"बीपी आहे, शुगर आहे, थायरॉईड आहे," रंजीताने अभिमानाने सांगितलं. "हेल्दी आहो ना मी."

"ताई, हेल्दी म्हणजे निरोगी."

रंजीता उभी राहिली, खुर्चीसकट. "म्हंजे एवढ्या दुरून मले लठ्ठ म्हणासाठी बलावलं आणि आता आजारी म्हणू लागल्या?" गिरणीवाल्याला दम्याचा त्रास निघाला. दोघं समोरच्या टपरीवर आलुबोंडा खायला गेले, आणि आमच्या गावची हेल्दी म्हणून एकटी इंदुताई उरली. तिने दिव्यानीकडे असं काही पाहिलं, की दिव्यानीने मोबाईल पर्समध्ये टाकला.

मॅडमने फॉर्म काढला. "झोप लागते?"

"पडली की लागते."

"कधी फिट आली? चक्कर?"

"नाई."

"डोक्याला कधी मार?"

"मी मार खाणाऱ्यातली नाई, देणाऱ्यातली आहो."

"राग लवकर येतो का?"

"कोण म्हणते?" इंदुताईचा हात टेबलावर असा आदळला, की पेन उडालं. मॅडमने ते उचललं आणि काहीतरी लिहिलं.

मग इंदुताईने पायलीचं आणि धानाचं सगळं सांगितलं. मॅडम ऐकतच राहिल्या. "ताई, हेच मी दोन वर्षांपासून मोठमोठ्या लोकांना समजावते आहे. निरोगी मेंदू कसा चालतो ते आधी नीट मोजल्याशिवाय, मार लागलेल्यात काय बदललं ते कळणार कसं? अशा शंभर जणांचं रेकॉर्ड करतोय आम्ही."

"मंग लावा मशीन. आणि ह्याईलेही पाहा."

"पाहते. पण एका दिवसाच्या रेकॉर्डवरून मशीन निकाल देत नाही हं. मी स्वतः तपासते त्यांना."

इथपर्यंत सगळं रांगेत चाललं होतं. टोपी आली आणि गाडं अडलं. टोपी म्हणजे डोक्याला गच्च बसणारी, भोकाभोकांची, आणि प्रत्येक भोकातून एक वायर. ती लावणाऱ्या पवनने एक वायर चिकटवली, ती घसरली. दुसरी चिकटवली, तीही घसरली. तिसरी थेट इंदुताईच्या कानामागे जाऊन थांबली.

"ताई, तेल लावलं का?"

"नाई."

पवनने आपली बोटं दिव्याखाली धरली. चमकत होती.

"नावाले लावलं," इंदुताई म्हणाली.

तिला मागच्या नळावर पाठवलं. शॅम्पूची एक पुडी झाली, दुसरी झाली. टोळीचं तेल कुठे एवढ्यात सोडतं! तिसऱ्या पुडीला डोळ्यांत फेस घेऊन तिने खिडकीतून आत पाहिलं, तर दादाजी मॅडमसमोर बसून बोलत होता. बोलत होता! जो माणूस दिवसातून चार शब्द बोलायचा आणि त्यातले दोन चुकायचा, तो हातवारे करून बोलत होता. एकदा हात वर छपराकडे नेला, मग वळवून खाली आपल्या डोक्यावर आणला. मॅडमने पेनचं टोक दातांत धरलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते.

शिडीवरून कसा पडला ते सांगून राह्यला, इंदुताईने ओळखलं. चांगलं आहे. सगळं सांग बापा, एक पायरी सोडू नको.

चौथ्या पुडीनंतर टोपी बसली. इंदुताईने समोरच्या काचेत पाहिलं. डोक्यावर कोणी रांगेने धानाचा रोवणा केला होता आणि प्रत्येक रोपाला रंगीत शेपूट होतं. पवन म्हणाला, "आता दहा मिनिटं डोळे मिटून शांत बसा. बोलायचं नाही. हलायचं नाही."

इंदुताईने आयुष्यात तीन बाळंतपणं काढली, एकदा अस्वल अंगावर आलं तेव्हा विळा घेऊन उभी राहिली, पण दहा मिनिटं गप्प बसायचा प्रसंग तिच्यावर कधी आला नव्हता. तिने डोळे मिटले. मिटल्याबरोबर समोर सुनिल आला. त्याच्या मागे पोचू, कमरेला दादाजीची किल्ली.

"ताई, दात खाऊ नका," पवन म्हणाला. "इथे सगळ्या रेषा उड्या मारताहेत."

"मी कुठी दात खाऊन राह्यली?"

"बोलूही नका. पुन्हा पहिल्यापासून."

तीनदा पहिल्यापासून झालं. शेवटी मॅडम आल्या, तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, तुमचं रेकॉर्ड नीट आलं तरच त्याचा उपयोग होईल. रागाचं काही आठवू नका. चांगलं काहीतरी आठवा."

इंदुताई आठवायला बसली. चांगलं काय, हे सापडायला जरा वेळ लागला. पण एकदा सापडलं तसं आपोआप येत गेलं. रोवण्याचे दिवस. सकाळपासून धानाच्या बांधीत वाकलेली ती, गुडघाभर चिखल, आणि धुऱ्याच्या अरुंद वाटेवरून सांभाळत सांभाळत येणारा दादाजी, एका हातात चहाची केटली. चहात साखर टाकायला विसरलेला. मग परत घरी गेला, साखर घेऊन आला आणि केटली घरी विसरून आला. बांधीतल्या सगळ्या बाया हसल्या. तीही हसली. तो आपला साखरेची पुडी घेऊन उभा, आणि त्याला काय झालं तेच कळत नाही.

"मस्त," पवन हळूच म्हणाला. "एकदम छान लहरी."

"लहरी कोणाले म्हणते रे?" इंदुताईने डोळे उघडले.

"मेंदूच्या लहरी, ताई. झालं रेकॉर्डिंग. उघडले डोळे तरी चालेल."

नंतर दादाजीला टोपी घातली. त्याच्या डोक्यावर तेल नव्हतं आणि केसही फारसे नव्हते, त्यामुळे काम झटक्यात झालं. दोघांनाही आवाज ऐकून बटण दाबायचं होतं. इंदुताईने दाबलं तेव्हा बटण आत गेलं ते वर यायला तयार नव्हतं. दादाजी दाबायचा, पण आवाज होऊन गेल्यावर, जरा थांबून, कोणी बोलावलं का ते विचारल्यासारखा. इंदुताई ते पाहत होती आणि पदराचं टोक पिळत होती. पहिल्यांदाच कोणीतरी तिच्या शेजारी बसून तेच पाहत होतं, जे तिला पोळ्यापासून दिसत होतं.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. ह्यांच्या मेंदूला हादरा बसलेला आहे. मी तपासून सांगते आहे. हाड न तुटताही असं होतं. नागपूरला एकदा या, औषध सुरू करू. बरे होतील."

इंदुताईला रडायला आलं असतं, पण तेवढा वेळ नव्हता. "कागद द्या. मराठीत लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. दारू नाई ते लिहा. आणि मार कसा लागला, कोणाच्या चुकीनं लागला, तेही लिहा."

मॅडमने दादाजीकडे पाहिलं. "लिहू, भाऊ?"

दादाजीने खाली मान घातली. "लिहा जी. मशीनमंधी तं आलंच असंन."

मॅडमने दोन पानं लिहिली, पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं. "ताई, घरी जाऊन वाचा. आधी दोघं बसून निवांत वाचा."

"हो हो," इंदुताई म्हणाली, आणि पाकीट पोलक्यात खोचलं.

घरी वाचायचा प्रश्नच नव्हता. फोडलेलं पाकीट नेलं तर सुनिल म्हणेल, मधेच काही घुसडलं. पाकीट ग्रामसभेतच फुटणार. दादाजी मात्र दोन दिवस तिच्या मागेमागे. "अवं, एकदा वाचून तं पाय."

"भेव वाटते का तुम्हाले सुनिलचं?"

"सुनिल नाई वं... वानर. वानर होते. वरते."

"हो, वानरच आहे तो," इंदुताई खुश होऊन म्हणाली. "डोस्क्याले मार लागला तरी माणूस बरोबर वयखते तुम्ही."

दादाजीने कपाळाला हात लावला आणि ओसरीत जाऊन बसला.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, पोरांना बुंदी वाटून झाली आणि ग्रामसभा बसली. पोचू नवीन शर्ट घालून पहिल्या रांगेत. ग्रामसेवकाने विषय वाचला. इंदुताई उठली. तिने पाकीट सगळ्यांना दाखवलं, पुढूनही आणि मागूनही, आणि टर्रकन फाडलं.

तिचं वाचणं कसं, तर शाळेत शिकली तसं. अक्षराला अक्षर लावायचं, शब्द झाला की मोठ्याने सोडायचा आणि पुढच्याला धरायचं. ह्यात एकच अडचण असे. आवाज पुढे जाई आणि अर्थ मागून चालत येई.

"श्री. दादाजी दोनाडकर यांची तपासणी केली. यांच्या डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसलेला आहे." इंदुताईने बोट पुढच्या ओळीवर नेलं. "सर्व लक्षणे त्यामुळेच आहेत. दारूचा काहीही संबंध नाही." इंदुताईने थांबून सुनिलकडे पाहिलं. सुनिलने छताकडे पाहिलं. "औषध व विश्रांतीने सुधारणा होईल. यांना कामावरून काढण्याची गरज नाही. कामाचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून पंपघरात टांगावा."

मागून रंजीताने टाळी वाजवली. मग खालचा मोहल्ला वाजवू लागला, मग वरचाही. सुनिल तसा वाईट माणूस नव्हता. तो उठला, हात जोडले. "चुकलं काकू. मानलं. दादाजीभाऊच राहतीन पाणीवाले. मी सोता लिहून टांगतो कागद. पोचू, शर्ट घरी घालजो." दादाजीचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. त्याने इंदुताईचा पदर ओढला. "झालं ना वं. बस आता. चाल घरी."

"झालं कसं?" इंदुताईने पदर सोडवून घेतला. "कोणामुळे झालं ते राह्यलं ना! घ्या ग्रामसेवकभाऊ, पेन घ्या. रजिस्टरमंधी लिहाचं आहे."

ग्रामसेवकाने पेन घेतलं. इंदुताईने दुसरं पान उघडलं आणि आवाज चढवला.

"हा मार टाकीच्या शिडीवरून पडल्यामुळे लागलेला नाही." सभेत कुजबुज झाली. इंदुताई पुढच्या ओळीवर पोचली होती. "तान्ह्या पोळ्याच्या सकाळी घराच्या छपरावर वानरांची टोळी आली असता, समोरच्या अंगणातून त्यांच्या दिशेने सरपणाचा एक ओंडका जोरात भिरकावण्यात आला. वानरे बचावली."

रंजीताने तोंडात पदर कोंबला. दिव्यानी खाली वाकून चप्पल शोधू लागली.

"ओंडका छपरावरून पलीकडे गेला व मागच्या अंगणात दात घासत बसलेल्या श्री. दादाजी यांच्या डोक्यात पडला." इथे अर्थ धापा टाकत येऊन पोचला. इंदुताईचा आवाज थोडा बसला. तिने पुढची ओळ आधी डोळ्यांनी पाहिली, मग दादाजीकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. "सदर व्यक्तीला... वाईट वाटू नये... म्हणून रुग्णाने ही गोष्ट आजपर्यंत कोणालाही सांगितली नाही."

सभा हसू दाबून लाल झाली होती.  ग्रामसेवक मात्र कामाचा माणूस. त्याने 'जबाबदार' असं लिहून पुढे दोन टिंबं दिली होती आणि पेन तसंच धरून बसला होता.

"नाव सांगा ना काकू," सुनिल अगदी अदबीने म्हणाला. "लिहून घेतो. तुम्ही म्हणाल्या होत्या ना."

म्हणाली होती. आणि एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं. इंदुताईने पदर डोक्यावर नीट घेतला, कागद डोळ्यांसमोर धरला, आणि खालच्या मोहल्ल्याच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "ओंडका भिरकावणाऱ्या व्यक्तीचे नाव: इंदुताई दादाजी दोनाडकर."